दाराशी कोण होतं

५ मार्च

भिंगरी,

आज सकाळी तू गेलीस. गाडीवाला तुझ्या सायकलची पेटी टपावर बांधत होता तेव्हा मावशी त्याला सारखी बजावत होती, "जपून रे बाबा, त्यात तिचं पोट आहे." तो म्हणाला, "मग पुढच्या सीटवर बसवू का आजी, पट्टा लावून?" तू हसलीस. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर मी वर आले.

दिवसभरात झालं ते असं. भाड्याची खाट न्यायला दोन माणसं आली. ती जिन्याच्या वळणावर अडकली, तेव्हा पाय काढून न्यावी लागली. न फोडलेली औषधं दुकानदाराने परत घेतली, फोडलेली मी टाकून दिली. आईच्या चादरी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. दुपारी मावशी झोपली. ती अजून काही दिवस इथेच राहीन म्हणते, मला एकटीला सोडवत नाही तिला. संध्याकाळी दातांच्या लॅबच्या मालकांचा फोन आला. "सोमवारी याल का? घाई नाही हं, पण दोन कवळ्या तुमच्यावाचून अडल्यात आणि दोन्ही म्हातारे पेज पिऊन कंटाळलेत." येते म्हटलं.

फोनवर बोलायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. आजवर तुला गेलेली सगळी पत्रं आईने सांगितलेली. माझं फक्त अक्षर. शेवटी 'ताईचा आशीर्वाद' हेसुद्धा तीच सांगायची. आज माझं मी लिहायला बसले तर काही सुचत नाही. आईने पहिल्या ओळीत विचारलं असतं ते विचारते. नीट खातेस ना?

एक सांगायचं राहिलं. आई गेली त्या सकाळी तू झोपली होतीस तेव्हा बरीच माणसं येऊन गेली. समोरच्या काकू, खालचे पेन्शनर, दूधवाला, आणखी कोण कोण. तुला कोणासाठीही उठवलं नाही. किती रात्री जागली होतीस. तुझा फोनही मीच बंद करून ठेवला होता.

पोचल्याचं कळव.

ताई


२० मार्च

भिंगरी,

काल फोनवर तू ओरडलीस. मी गप्प होते म्हणून तुला वाटलं लाइन तुटली. मी ऐकत होते.

तू ठेवल्यावर मावशी विचारत राहिली, काय झालं, काय झालं. तिला समजावून सांगावं लागलं. म्हटलं, मावशी, हिच्यासारख्या सायकल शर्यतीतल्या मुलींना रोज एक तास आपण कुठे सापडू ते आधी कळवून ठेवावं लागतं. त्या तासात तपासणीवाले न सांगता येतात, लघवी आणि रक्त घेतात आणि जातात. त्या जागी नाही सापडलं तर एक चूक मांडतात. वर्षभरात तीन चुका झाल्या तर बंदी असलेलं औषध घेताना पकडल्यासारखीच शिक्षा. दोन वर्षं बंदी.

"आपल्याकडे यायचे तेच ना ते?" मावशी म्हणाली. "बाटलीवाले?"

बाटलीवाले हे नाव आईने ठेवलेलं. "जगातले पाहुणे चहा मागतात, तुझे पाहुणे काय मागतात बघ!" असं ती म्हणायची आणि तरी त्यांना चहा द्यायला लावायची. मावशी ते आठवून हसायला लागली आणि मध्येच थांबली. आई गेली त्या सकाळी ते येऊन गेले आणि ही तिसरी चूक, हे तिला तेव्हा कळलं.

पहिली चूक हॉटेल बदललं आणि तू कळवायला विसरलीस तेव्हाची. दुसरी विमान चुकलं तेव्हाची. "त्या दोन्ही माझ्या, मी कुठे नाही म्हणतेय?" तू म्हणालीस. "पण या वेळी मी घरात होते, ताई! आईच्या पलीकडच्या खोलीत होते!" मग तू मला त्यांचा रिपोर्ट वाचून दाखवलास. दार एका बाईने उघडलं. ती म्हणाली, खेळाडू पहाटेच सायकल घेऊन बाहेर पडली. आम्ही पूर्ण तास जिन्यात थांबलो. फोन बंद होता.

"दाराशी कोण होतं?" तू विचारलंस. "आई आत पडलेली असताना मी सायकल फिरवायला गेले असं कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी आईजवळ होते. तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, मावशी असेल.

मावशी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिच्या कानातलं मशीन चालू होतं की नाही माहीत नाही.

तू सांगितलंस ते सगळं मला कळतं. मला शर्यतीतलं काही कळत नाही असं तुला वाटतं, पण आईसाठी पत्रं लिहिता लिहिता बरंच कळलं. टीममध्ये एकीने जिंकायचं आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी झिजायचं. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे मागे तिला आडोसा मिळतो. मागे टीमच्या गाडीपर्यंत जायचं, जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा पुढे गाठून सगळ्यांना वाटायच्या. आई म्हणाली होती, "म्हणजे पाणक्याचं काम की!" आणि तू उलट लिहिलंस, "हो आई, पाणक्याच. पण पगारी." गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं, पुढचे दोन दात पडले, तरी तू पाणक्याच राहिलीस. ते दोन दात मी केलेले आहेत. पेपरात तुझा फोटो आला की लोक तुझं तोंड बघतात, मी रंग जुळला की नाही ते बघते.

आणि अकरा वर्षांनी यंदा तुमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, जूनच्या मोठ्या शर्यतीत टीम तुझ्यासाठी चालवेल. हे तू आईच्या कानात सांगितलंस तेव्हा मी खोलीत होते. तिला बोलता येत नव्हतं. तिने तुझं मनगट धरलं.

बंदी झाली तर हे सगळं गेलं. "चौतिसाव्या वर्षी मला कोण घेईल, ताई? संग्रहालयात ठेवतील," असं तू म्हणालीस. समितीपुढे सांगायची संधी मिळेल म्हणालीस, ती घे. काहीतरी मार्ग निघेल.

ताई


९ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. फोनही घेत नाहीस. वकिलांबरोबर असशील.

मावशीबद्दल लिहायचं आहे. तू तिच्याशी बोललीस त्या दिवसापासून ती बरी नाही. नंबर मीच लावून दिला होता. तिने आधी वाक्यं तोंडपाठ केली होती. "बाळ, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी काय बोलले मलाच आठवत नाही, तू मोठ्या मनाने..." एवढं तिला म्हणायचं होतं. 'बाळ' म्हणाली आणि पुढे तूच बोलत होतीस. मला तुझा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "आयुष्यभर सगळ्यांच्या मध्ये मध्ये करत आलीस मावशी, आता माझ्याही केलंस!" ती "हो गं, हो बाळ" म्हणत राहिली. मग तिने फोन ठेवला, कानातलं मशीन काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "ऐकू आलं की बोलायला होतं," म्हणाली. "नकोच ते."

तेव्हापासून मशीन लावत नाही. तिला काही सांगायचं तर खांद्याला हात लावून समोर जावं लागतं. दिवसातून दोन-तीनदा स्वतःच विचारते, "मी असं कशाला म्हणाले असेन गं? माझी बहीण आत गेलेली, आणि मी म्हणे पोरगी सायकलवर गेली! वेड लागलं होतं का मला?" मी म्हणते, जाऊ दे मावशी. "जाऊ दे काय? तिचं सगळं जातंय ते!"

रविवारी समोरच्या काकू आल्या होत्या. त्यांनाही तिने तेच विचारलं. काकू मोठ्याने म्हणाल्या, "पण मावशी, तुम्ही तर झोपताना मशीन काढून ठेवता. मग एवढ्या सकाळी तुम्हाला घंटा ऐकू आली कशी?"

मावशीने विचार केला. मग म्हणाली, "त्या रात्री कोण झोपलं होतं नीट? लावलेलंच राहिलं असेल." आणि माझ्याकडे वळून, "होय ना गं?"

मी मान हलवली. काकू माझ्याकडे बघत होत्या. चहा न घेताच उठल्या.

लॅबमध्ये कामात लक्ष नाही. एका कवळीचे दात बसवताना मधली रेघच सरकली. मालकांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ताई, हा माणूस हसला तर बायकोला वाटेल खोटं बोलतोय." सगळे हसले. मी मेण तापवून दात पुन्हा काढले आणि पुन्हा बसवले. नीट बसेपर्यंत सगळे घरी गेले होते.

तू मावशीवर रागावू नकोस. ती म्हातारी आहे. तिने मुद्दाम काही केलेलं नाही.

ताई


२ मे

भिंगरी,

आज सकाळी तुझ्या मॅनेजरबाईंना फोन केला. नंबर तुझ्या जुन्या पाकिटावर होता. त्यांनी विचारलं, आता हे तिला तुम्ही सांगणार की मी. मी म्हटलं, मी लिहिते. त्या म्हणाल्या, "लिहिता? अहो, फोन करा." मी म्हटलं, लिहिते. तेव्हा हे पत्र.

दाराशी मी होते.

आधी तुला एवढंच लिहिणार होते की मी दुःखात होते, कोण आलंय ते कळलं नाही, तोंडाला येईल ते बोलून गेले. मॅनेजरबाईंनाही सुरुवातीला तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "याचा उपयोग नाही हो. घरच्यांना सांगून ठेवणं हे खेळाडूचं काम. तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणालात तर दोष तिच्याकडेच जातो. तिने सांगून ठेवलं होतं आणि तुम्ही ओळखून, जाणूनबुजून नाही म्हणालात, असं असेल तरच ती सुटते." मग त्या थांबल्या. "असं आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असंच आहे.

तू आईच्या उशाशी बसून मोबाईलवर घरचा पत्ता घातलास आणि मला म्हणालीस, "ताई, सहा ते सात. मेल्यासारखी झोपले असले तरी लाथ मारून उठव." मी हो म्हटलं. आधीच्या दोन चुका आईला सांगितल्या नव्हत्यास, मला सांगितल्या होत्यास. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

आई गेल्यावर डॉक्टर येऊन कागद देऊन गेले. लोकांना उजाडल्यावर सांगू असं आपण ठरवलं. मीच तुला म्हटलं, तू जरा पड, मी बसते. मावशी आईच्या खोलीतच खाली सतरंजीवर झोपली होती, मशीन काढून. घंटा वाजली तेव्हा मी आईचे केस विंचरत होते. लोक येतील तर नीट दिसावी म्हणून. कंगवा हातात घेऊनच दार उघडलं. त्या नेहमीच्या बाई होत्या, त्यांचे ते सहकारी, आणि ती निळी पेटी. गेल्या वर्षी मी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बसवून चहा दिला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बहीण आहे ना घरात?"

त्यांना काय माहीत. घरात कोण आहे ते त्यांनी विचारलं, आणि तेही तुझ्याबद्दलच. आई आत होती आणि आजही घंटा वाजली ती तुझ्यासाठीच. माझ्या मनात एवढंच आलं. फार मोठं काही आलं नाही. मी म्हटलं, ती नाही, पहाटेच सायकल घेऊन बाहेर पडली.

"एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तिचं तसंच असतं."

आई गेल्याचं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं कोणी खरं मानलं नसतं. त्या म्हणाल्या, आम्हाला तासभर थांबावं लागेल, आणि जिन्यात बसल्या. मी दार लावलं. भिंतीपलीकडे तू घोरत होतीस. दमलीस की तू लहानपणापासून घोरतेस. त्या फोन लावतील म्हणून तुझ्या उशाखालचा फोन हळूच ओढून घेतला आणि बंद केला. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला झोप मिळावी म्हणून बंद केला. मग जाऊन आईचे उरलेले केस विंचरले. मला तेव्हा वाईट वाटत होतं असं लिहिलं तर खोटं होईल. बरं वाटत होतं.

कारण विचारशील. आईला उचलून बसवणं, तिचं अंग पुसणं, तिच्यासाठी रात्री उठणं, हे मी कधी तुझ्या खात्यावर मांडलं नाही, असं मला वाटत होतं. तुझी पहिली सायकल ही खरं तर माझी होती. दातांच्या कोर्सला जायला बाबांनी मला घेऊन दिलेली. तू 'एक चक्कर मारून येते' म्हणून नेलीस ती संध्याकाळी आलीस, आणि तेव्हापासून मी पायीच गेले. तुझ्या प्रत्येक मुलाखतीत आई ही गोष्ट सांगायची आणि लोक हसायचे. मीही हसायचे. पण हे कारण नाही. अशी कारणं सगळ्या घरात असतात आणि त्यावरून कोणी दाराशी असं बोलत नाही.

मावशीला काल सांगितलं. मी खांद्याला हात लावून बोलायला लागले तर ती म्हणाली, थांब. उठून ड्रॉवरमधून मशीन काढलं, कानात घातलं, चालू केलं आणि समोर येऊन बसली. "हं. आता सांग." सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालत होते, आणि तू समोर बसून भाजी निवडत होतीस."

मी म्हटलं, हो.

"तोंडातून शब्द नाही फुटला तुझ्या?"

ती उठली. तिने पिशवी भरली. काकूंच्या मुलाने तिला घरी पोचवलं. जाताना तिने आईच्या फोटोला हात लावला, मला नाही.

समितीपुढे मी हेच सांगणार आहे.

ताई


२४ मे

भिंगरी,

तू तिथे होतीस, तरी लिहिते, कारण तू पडद्यावर दुसरीकडेच बघत होतीस.

लॅबच्या मालकांनी त्यांची खोली आणि कॉम्प्युटर दिला. काय काम आहे ते विचारलं नाही. टेबलावर सगळीकडे साचे होते, ते मी एका बाजूला केले. पडद्यावर चौकोनात माणसं आली. समितीचे तिघे, तुझे वकील, मॅनेजरबाई, तपासणीवाल्या बाई, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तू. तू बारीक झाली आहेस.

वकिलांनी मला आधी समजावलं होतं की विचारतील तेवढंच सांगा. मधल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही या लोकांना ओळखलंत का. मी म्हटलं, ओळखलं. बहिणीने तुम्हाला उठवायला सांगितलं होतं का. सांगितलं होतं. तिच्या आधीच्या दोन चुका तुम्हाला माहीत होत्या का. होत्या. बहिणीशी भांडण होतं का. नाही. "मग का?"

मी म्हटलं, दमले होते. मग म्हटलं, ते कारण नाही. तिला काहीतरी न मिळावं असं मला वाटलं.

तेव्हा तू मान वर केलीस. तेवढंच.

डावीकडच्या बाई म्हणाल्या, "आज तुम्ही बहिणीला वाचवण्यासाठी हे सांगत नाही कशावरून? आधी मावशींचं नाव होतं. आता तुमचं. उद्या आणखी कोणाचं?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्यासारख्या बाईवर मीही विश्वास ठेवला नसता. मी म्हटलं, दार उघडल्यावर काय काय बोलणं झालं ते सगळं सांगते, आणि सांगितलं. मग तपासणीवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. "मी 'एवढ्या लवकर?' असं म्हणाले होते, आणि यांनी 'तिचं तसंच असतं' असं उत्तर दिलं होतं. रिपोर्टात आम्ही एवढं लिहीत नाही, दार कोणी उघडलं त्याचं नावही नाही. आणि यांच्या हातात कंगवा होता. मला वाटलं, कामाला जायची घाई असेल." मग त्या मला म्हणाल्या, "तुमच्या आई आत होत्या?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. गृहस्थ म्हणाले, पुरे.

पडद्यावरचे चौकोन एकेक करून गेले. तुझा गेला तेव्हा माझा हात माउसवर होता, मी काही केलं नव्हतं. मालकांनी बाहेरून विचारलं, "झालं का?" झालं म्हटलं आणि साचे पुन्हा जागेवर लावले.

निकाल मॅनेजरबाईंनी कळवला. तिसरी चूक काढून टाकली. त्या म्हणाल्या, तुम्ही बोललात म्हणून झालं. असं स्वतःविरुद्ध कोणी सांगत नाही.

मावशीला कळवलं. "बरं झालं," म्हणाली, आणि तिच्या दारात दूधवाला आलाय म्हणून फोन ठेवला.

ताई


२६ जून

भिंगरी,

शर्यत सगळे दिवस बघितली. लॅबमधून लवकर यायची सुटी घेतली होती. मावशी तिच्या घरी बघायची. रोज फोन करून चॅनेलचा नंबर विचारायची आणि ठेवून द्यायची. तिला तो पाठ आहे.

चौकशी चालू असताना तू सरावाला नव्हतीस, म्हणून टीम आता तुमच्यातल्याच दुसऱ्या एका मुलीसाठी चालवणार, हे मला मॅनेजरबाईंकडून आधीच कळलं होतं. वाक्य त्यांनी अगदी जपून उच्चारलं. पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाल्या. तुला पुढचं वर्ष कितीसं आहे ते त्यांनाही माहीत आहे.

आजवर मी तुझी शर्यत पूर्ण कधी बघितली नव्हती. आई बघायची, मी मागे काही ना काही करत असायचे. डोंगराच्या दिवशी तू बाटल्या आणायला मागे गेलीस ते दाखवलं. पाठीवर कुबड आल्यासारखी दिसत होतीस. एकेकीला बाटली दिलीस. त्या मुलीने न बघताच घेतली. मग चढ लागल्यावर तू सगळ्यांच्या पुढे आलीस आणि बराच वेळ तूच पुढे होतीस. बोलणारा माणूस मागच्या त्या मुलीबद्दल बोलत होता. तुझं नाव त्याने घेतलं नाही. मग तू बाजूला झालीस आणि सगळ्या तुझ्या शेजारून निघून गेल्या. कॅमेराही त्यांच्याबरोबर गेला. तू कधी पोचलीस ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात शोधलं. खूप खाली होतं.

ती मुलगी जिंकली. तू तिला मिठी मारलीस. हसताना दात दिसले.

काल तुझा फोन आला. मला वाटलं नव्हतं येईल.

"ताई."

"हं."

"मावशी जेवते ना नीट?"

"जेवते. काकूंचा मुलगा जाऊन बघून येतो. मला येऊ देत नाही अजून."

"मी तिच्याशी बोलले काल. माफी मागितली."

"बरं केलंस."

तिकडे मागे कोणीतरी सायकलींवर पाणी मारत होतं. तसा आवाज येत होता. मी म्हटलं, डोंगरावर तू बराच वेळ पुढे होतीस. तू म्हणालीस, "बघितलंस?" मी हो म्हटलं. "पाय चांगले होते," तू म्हणालीस. "यंदा पाय फार चांगले होते, ताई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तू म्हणालीस, "तू बोललीस म्हणून मी सुटले, सगळे सांगतात. मलाही कळतं. पण शिक्षा झाली असती तर दोन वर्षांनी संपली असती."

मी म्हटलं, हो.

"पत्रं पाठवायची तर पाठव. वाचेन असं म्हणत नाही."

हो, म्हटलं. तू फोन ठेवलास.

आज सुटी आहे. घरात मी एकटीच आहे, खिडकी उघडी आहे. एवढं लिहून झाल्यावर उठले. नखं वाढली होती. जुनं वर्तमानपत्र खिडकीखाली पसरलं आणि उजेडात बसून आधी हातांची कापली, मग पायांची. कागदाची पुडी वळली आणि केराच्या डब्यात टाकून आले. आता हे पाकिटात घालते.

ताई